बॅरोग्राफ : समुद्रावरचे उपकरण आणि तापीखोऱ्याचे हवामान

बॅरोग्राफ हे हवेचा दाब अखंड लिहून ठेवणारे उपकरण आहे. बॅरोमीटर दाब दाखवतो, पण पाहणाऱ्याने पाहिले तेवढ्याच क्षणाचा आकडा त्यातून मिळतो. बॅरोग्राफमध्ये हाच दाब एका टाकाच्या टोकाशी येतो. टाक फिरत्या नळकांड्यावरच्या कागदाला टेकलेला असतो आणि आठवडाभरात त्या कागदावर एक सलग रेघ उमटते. मध्यरात्री सगळे झोपलेले असताना दाब किती होता, वादळापूर्वी तो कोणत्या तासाला घसरू लागला, पाऊस थांबल्यावर किती वेळात सावरला, हे सारे त्या रेघेत सापडते. हे उपकरण वाढले ते दर्यावर्दी लोकांच्या गरजेपोटी. समुद्र नजरेला न पडणाऱ्या नंदुरबार जिल्ह्याचे हवामान मात्र समुद्रच ठरवतो, म्हणून या उपकरणाचा इतिहास इथेही परका नाही.

जुना बॅरोग्राफ पाहताक्षणी ओळखू येतो. महोगनीची किंवा ओकची बैठक, तिच्यावर कडा तिरप्या घासलेल्या काचांची पेटी, आत लॅकर चढवलेले पितळ आणि बैठकीत कोरे कागद ठेवायला एक खण. पॅरिसच्या रिशार कंपनीने १८८० च्या सुमारास ही घडण रूढ केली. लंडनच्या नेग्रेट्टी अँड झांब्रा, कॅसेला, शॉर्ट अँड मेसन या नामांकित कारखानदारांनी पुढची कित्येक दशके जवळपास तीच घडण कायम ठेवली. आज लिलावात ही उपकरणे दिवाणखान्याची शोभा म्हणून विकली जातात. त्यांच्या पितळेचे कौतुक होते, कागदांचे फारसे होत नाही. वास्तविक मोल कागदांचे आहे.

पेटीच्या एका कडेला पातळ धातूच्या चपट्या डब्यांची चळत असते. प्रत्येक डबीच्या पृष्ठभागावर वर्तुळाकार पन्हळी पाडलेल्या असतात आणि आतली बहुतेक हवा काढून ती कायमची बंद केलेली असते. बाहेरचा दाब वाढला की डब्या दबतात, कमी झाला की फुगतात. बाजाच्या पेटीचा भाता हाताने मिटतो-उघडतो तशी ही चळत हवेच्या भाराने मिटते आणि उघडते. ही हालचाल डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक असते. तरफांच्या जोडणीने ती कितीतरी पटींनी वाढवून एका लांब, हलक्या दांडीपर्यंत नेलेली असते. दांडीच्या टोकाला टाक असतो, म्हणजे पातळ पत्र्याची तीन कडांची चिमुकली टोपी. तिच्यात शाईचा एकच थेंब मावतो. ही शाई ग्लिसरीन घालून केलेली असते, कारण साधी शाई आठवडाभर ओली राहणार नाही. पावसाळ्यात मात्र हेच ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेते आणि रेघ जाड होऊन फुटते. म्हणून थेंब केवढा घालायचा हे निरीक्षकाला ऋतू पाहून ठरवावे लागते.

नळकांड्याच्या पोटात किल्लीचे घड्याळ बसवलेले असते. ते नळकांड्याला साधारण सात दिवसांत एक फेरा घालायला लावते. वेधशाळेतील शिस्त अशी, की सोमवारी सकाळी जुना कागद काढायचा, घड्याळाला किल्ली द्यायची, नवा कागद ताणून बसवायचा आणि टाक नेमक्या वेळेच्या रेषेवर टेकवायचा. कागदावरच्या उभ्या रेषा सरळ नसतात. दांडी एका टोकाशी अडकवलेली असल्याने टाक कमानीत फिरतो आणि वेळेच्या रेषाही त्याच कमानीत छापाव्या लागतात. रोज ठरलेल्या वेळी निरीक्षक बाहेरची एक कळ हलकेच दाबतो. टाक किंचित हलतो आणि रेघेवर लहानशी खूण उमटते. घड्याळ पुढे गेले की मागे पडले ते या खुणांवरून नंतर तपासता येते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो आणि त्यामुळेही टाक हलू शकतो, म्हणून तरफांमध्ये दोन धातूंची जोडपट्टी बसवून ही चूक भरून काढलेली असते. नेहमीच्या पट्टीवर दाबाच्या एका हेक्टापास्कलला (हे दाब मोजण्याचे एकक) कागदावर जेमतेम पाऊण मिलीमीटर जागा मिळते. इतक्या थोड्या जागेत हवामानाची भाषा वाचायची असते.

भारतात ही भाषा वाचताना पहिली अडचण अशी येते, की हवा अगदी स्वच्छ असतानाही रेघ सरळ नसते. दिवसातून दोनदा ती चढते आणि दोनदा उतरते. सूर्याच्या वेळेप्रमाणे सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त असतो, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. रात्री दहाला तो पुन्हा चढतो आणि पहाटे चारला पुन्हा उतरतो, पण रात्रीचा चढउतार दिवसापेक्षा लहान. नंदुरबारचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या मागे सुमारे ३३ मिनिटे चालतो, त्यामुळे इथे सकाळचे शिखर घड्याळात साडेदहाच्या आसपास येते. सकाळ आणि दुपार यांत साधारण ३ ते ४ हेक्टापास्कलांचा फरक पडतो. आठवड्याच्या कागदावर म्हणूनच एकसारख्या लाटांची ओळ दिसते. नवखा वाचक दुपारची घसरण पाहून वादळाची शंका घेतो. ती घसरण रोजचीच असते.

ही भरती-ओहोटी चंद्राच्या ओढीची नव्हे. सूर्याची उष्णता हवेतले बाष्प आणि वरच्या थरांतला ओझोन शोषून घेतात, त्यामुळे संपूर्ण वातावरणात लाटा उठतात आणि त्यांपैकी बारा तासांची लाट जमिनीवर सर्वांत ठळक जाणवते. विषुववृत्ताकडे ती जोरदार असते आणि ध्रुवांकडे जाता जाता क्षीण होते. दक्षिण अमेरिकेत फिरताना अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांना ही नियमितता इतकी विलक्षण वाटली, की उष्ण कटिबंधात बॅरोमीटर पाहून वेळ सांगता येईल असे त्यांनी म्हटले होते. आपल्याकडे हेच काम कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी केले. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून ते दख्खनभर हिंडले. पुणे, अहमदनगर, धारवाड यांच्याबरोबर खानदेशही त्यांच्या कामाच्या कक्षेत होता. १८२५ ते १८३० या काळातील निरीक्षणांवर त्यांनी लिहिलेला दख्खनच्या वातावरणीय भरती-ओहोटीवरचा निबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साइक्स यांच्या हाती लिहिणारे उपकरण नव्हते. प्रवासातला नाजूक पाऱ्याचा बॅरोमीटर आणि ठरल्या वेळी तो पाहण्याचा नेम, एवढ्यावर त्यांनी हा क्रम मांडला.

या रोजच्या लाटेमुळे उष्ण कटिबंधातील बॅरोग्राफ वाचण्याची रीत युरोपपेक्षा वेगळी झाली. ब्रिटनच्या हिवाळ्यात एक-दोन दिवसांत दाब ३० हेक्टापास्कलांनी सहज खालीवर होतो, त्यापुढे ही लाट दिसतही नाही. आपल्याकडे वादळ नसेल तर दाब एका अरुंद पट्ट्यातच फिरतो, त्यामुळे लहान बदलालाही अर्थ असतो. मात्र तो त्याच वेळेच्या नेहमीच्या दाबाशी ताडून पाहावा लागतो. आज सकाळच्या साडेआठची तुलना काल सकाळच्या साडेआठशी करायची, काल दुपारशी नाही. उष्ण कटिबंधात जाणाऱ्या खलाशांना शिकवला जाणारा नियमही असाच आहे. रोजची लाट वजा केल्यावर दाब त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा ३ हेक्टापास्कलांनी खाली असेल तर सावध व्हावे, ५ हेक्टापास्कलांनी खाली असेल तर जवळपास चक्रीवादळ आहे असे समजून जहाजाची दिशा ठरवावी. एवढ्या लहान आकड्यांवर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून असत, आणि ते आकडे अंदाजाने नव्हे, रेघेवरून घ्यायचे होते.

हवेला वजन आहे हे इटलीत एव्हान्जेलिस्ता टोरिचेल्ली यांच्या १६४३ च्या प्रयोगातून दिसले. पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली तर सुमारे ७६ सेंटिमीटरचा स्तंभ तसाच उभा राहतो. १६४८ मध्ये ब्लेझ पास्काल यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे फ्लोरँ पेरिए ही नळी घेऊन फ्रान्समधील प्वी द दोम डोंगरावर चढले आणि उंचीबरोबर पारा उतरतो हे सिद्ध झाले. वादळापूर्वीही पारा उतरतो हे ध्यानात यायला त्यानंतर फार काळ लागला नाही.

जमिनीवर उपयोगी ठरलेले हे साधन जहाजावर चालेना. जहाज हेलकावे खाई तसा नळीतला पारा वरखाली उसळे. वाचन घेणे तर दूरच, आतून आदळून काच फुटण्याची भीती. लंडनचे उपकरणकार एडवर्ड नेर्न यांनी १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात नळीचा एक भाग केसासारखा बारीक ठेवला, त्यामुळे पारा मंदपणे सरकू लागला. त्यांचे बॅरोमीटर जेम्स कूक यांच्या दुसऱ्या सफरीत, म्हणजे १७७२ नंतर, जहाजावर होते. पुढे १८५३ मध्ये ब्रसेल्सला सागरी राष्ट्रांची परिषद भरली. तिच्यात अमेरिकी नौदलातील मॅथ्यू मॉरी यांच्या पुढाकाराने सर्व जहाजांनी एकाच नमुन्यात हवामानाच्या नोंदी ठेवाव्यात असे ठरले. नोंद एकसारखी हवी तर उपकरणही एकसारखे हवे. त्याच सुमारास क्यू वेधशाळेच्या नमुन्याचा सागरी बॅरोमीटर तयार झाला. गिंबलवर, म्हणजे हेलकाव्यांतही उपकरण उभे ठेवणाऱ्या कड्यांवर, टांगलेली पितळी नळी हे त्याचे रूप अनेक दशके टिकले.

या इतिहासात रॉबर्ट फिट्झरॉय यांचे नाव आदराने घ्यावे लागते. चार्ल्स डार्विन ज्या बीगल जहाजावर होते त्याचे ते कप्तान. १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारच्या नव्या हवामान खात्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. ऑक्टोबर १८५९ च्या वादळात रॉयल चार्टर हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटले आणि सुमारे ४५० माणसे बुडाली. दाबाच्या नोंदी तारेने एकत्र आल्या असत्या तर किनाऱ्याला आधी सांगता आले असते, असे फिट्झरॉय यांचे म्हणणे होते. १८६१ पासून त्यांनी बंदरांना वादळाचे इशारे देणे सुरू केले. गरीब कोळी वस्त्यांच्या धक्क्यांवर सर्वांना पाहता येतील असे बॅरोमीटर त्यांनीच बसवून घेतले. त्यांचे अंदाज चुकले की वर्तमानपत्रांतून आणि शास्त्रज्ञांकडून कठोर टीका होई. १८६५ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. बंदरावरचा इशारा ही आज जगभर गृहीत धरली जाणारी गोष्ट आहे, आणि तिच्या पायाशी हा माणूस उभा आहे.

पारा टाळून दाब मोजण्याची युक्ती फ्रान्सच्या ल्युसियाँ विदी यांनी शोधली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले. हवा काढलेली धातूची डबी हीच ती युक्ती. तिच्यामुळे बॅरोमीटर खिशात मावू लागला आणि डब्यांच्या चळतीला टाक जोडून बॅरोग्राफही बनवता आला. जहाजासाठी त्यात आणखी फेरफार झाले. इंजिनाची थरथर आणि लाटांचे धक्के यांनी रेघेचा पट्टा होऊ नये म्हणून डब्यांची चळत तेलात बुडवली गेली आणि बैठकीखाली स्प्रिंगा किंवा रबर आले. बॅरोग्राफ कप्तानाच्या किंवा नकाशाच्या खोलीत, जहाजाच्या मध्याजवळ ठेवत. पहारा बदलताना नव्या अधिकाऱ्याने आधी त्याची रेघ पाहावी असा शिरस्ता पडला. मागच्या तीन तासांत दाब चढला की उतरला, आणि ती रेघ वळली कशी, हे जहाजांवरून पाठवल्या जाणाऱ्या हवामान संदेशात आजही सांगावे लागते. रेघेच्या आकारासाठी त्यात ० ते ८ यांपैकी एक आकडा ठरलेला आहे.

हिंदुस्थानात वादळांचा अभ्यास सुरू झाला तो बंगालच्या उपसागराकाठी. कोलकात्याचे हेन्री पिडिंग्टन यांनी जहाजांच्या नोंदवह्या जमवून वादळांचे मार्ग काढले आणि १८४८ मध्ये खलाशांसाठी वादळांच्या नियमांचे पुस्तक लिहिले. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळाने कोलकात्यात आणि हुगळीकाठी सुमारे ६०,००० बळी घेतले असे मानले जाते. दुसऱ्याच वर्षी कोलकाता बंदरासाठी इशाऱ्यांची व्यवस्था झाली. त्यानंतर १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. या सगळ्याचा परिणाम म्हणून १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले. १८८० मध्ये इशाऱ्यांची व्यवस्था पश्चिम किनाऱ्यावर आली. मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार ही बंदरे तिच्यात होती. कोकणात आजही ऐकू येणारा ‘तीन नंबरचा बावटा’ त्याच व्यवस्थेतून आलेला आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने याहूनही जवळची कथा कुलाबा वेधशाळेची आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये ती उभारली ती मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि खगोलीय वेध घेता यावेत म्हणून. १८४० च्या आसपास एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतील प्राध्यापक आर्थर ऑर्लिबार यांच्याकडे तिथल्या चुंबकीय आणि हवामानविषयक वेधांचे काम आले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेची धुरा सांभाळली. ऑर्लिबार यांनी मदतनीस म्हणून निवडला तो अलिबागजवळच्या नागावचा एक पोरवयाचा विद्यार्थी, केरो लक्ष्मण छत्रे. पगार दरमहा ५० रुपये. पुढे केरूनाना या नावाने महाराष्ट्राला ओळखीचे झालेले हे गणिती. लोकमान्य टिळकांचे ते डेक्कन कॉलेजातले गुरू.

केरूनानांच्या कुलाब्यातील कामाचे मोल ओळखायचे तर त्या काळी दाब आपोआप लिहिणारे उपकरण तिथे नव्हते हे लक्षात घ्यावे लागेल. बॅरोमीटर, तापमापी, चुंबकसूची यांची वाचने तासातासाने घ्यायची होती, दिवसा आणि रात्रीही. बॅरोमीटरच्या शेजारच्या तापमापीचा आकडा आधी घ्यायचा, कारण माणूस जवळ उभा राहिला की त्याच्या अंगच्या उष्णतेने तो चढतो. मग नळीला हलकी टिचकी मारायची, व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची सरकती पट्टी, पाऱ्याच्या फुगीर माथ्याला टेकवायचा आणि आकडा वहीत उतरवायचा. कुलाब्याच्या छापील खंडांतून आज मुंबईच्या दाबाची रोजची दुहेरी लाट काढता येते, ती या जागरणांमुळे. नंतर टाकाने जे काम केले ते आधी माणसांनी केले. त्यांतले बहुतेक कनिष्ठ मदतनीस इतिहासात नावानिशी राहिले नाहीत, आणि हा अन्याय आहे. केरूनानांनी पुढे सूर्यावरच्या डागांचा पावसाशी काही संबंध आहे का, हा प्रश्न हाती घेतला. नोंदींच्या सहवासात तयार झालेल्या बुद्धीलाच असा प्रश्न पडतो.

१८९६ मध्ये नानाभाई मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार हे ओळखून त्यांनी १९०४ मध्ये चुंबकीय वेध अलिबागला हलवले. हवामानाच्या नोंदी कुलाब्यात चालूच राहिल्या. स्वयंलेखी उपकरणांचे सामर्थ्य जगाला पटले ते त्याआधीच, २७ ऑगस्ट १८८३ रोजी. सुंदा सामुद्रधुनीतील क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि त्याची दाबलहर पृथ्वीभोवती अनेकदा फिरली. मुंबईसह जगभरच्या केंद्रांच्या नोंदी जमवून रॉयल सोसायटीने १८८८ मध्ये त्याचा अहवाल काढला. ठरल्या वेळीच पाहिल्या जाणाऱ्या बॅरोमीटरवरून ही लहर निसटली असती, कारण काही मिनिटांत ती येऊन जाते.

आता तापीखोऱ्याकडे. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. नकाशात तो भूवेष्टित असला तरी समुद्राशी त्याचे नाते जुने आहे. तापी इथूनच सुरतेकडे जाते आणि मोगल काळात सुरत बंदरातून बऱ्हाणपूरला जाणारा माल नंदुरबारवरून जात असे. हवामानाच्या दृष्टीने तर हे खोरे दोन समुद्रांच्या मधली वाट आहे. बंगालच्या उपसागरात जुलै ते सप्टेंबरमध्ये तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश ओलांडत पश्चिमेला सरकतात. अशा क्षेत्राच्या केंद्रापासून नैऋत्येला पाऊस सर्वांत जोरदार पडतो. केंद्र सातपुड्याच्या उत्तरेला असले की तापीचे खोरे नेमके त्या नैऋत्य भागात येते. ऑगस्ट १९६८ आणि ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडाली ती तापीच्या वरच्या खोऱ्यात कोसळलेल्या पावसाने. या दोहोंच्या मधल्या काळात, १९७२ मध्ये, उकाई धरण पूर्ण झाले आणि त्याचे पाणी नवापूर तालुक्यापर्यंत आले.

कमी दाबाचे असे क्षेत्र जवळून जाताना बॅरोग्राफवर जे घडते ते शिकण्यासारखे असते. आधी दुपारची ओहोटी नेहमीपेक्षा खोल जाते. रात्रीचे शिखर चढतच नाही, फार तर रेघ तासभर आडवी राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास शिखर असते, पण कालच्यापेक्षा तीन-चार हेक्टापास्कलांनी खाली. उतारावर ठेवलेल्या पायऱ्यांची ही रेघ पुढे कुठेतरी तळ गाठते आणि क्षेत्र पुढे सरकले की त्याच पायऱ्या चढू लागतात. तळ गाठल्यावर पाऊस संपला असे मात्र समजू नये. खोऱ्यात पडलेले पाणी प्रकाशा आणि सारंगखेडा बंधाऱ्यांशी येऊन पोचायला वेळ घेते.

वळवाची रेघ वेगळीच. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या दुपारी दाब उतरत असतो. मग ढग फुटतो, थंड आणि जड हवा वरून खाली आदळते आणि रेघ काही मिनिटांत एक-दोन हेक्टापास्कलांनी उभी वर जाते. आठवड्याच्या कागदावर तो काट्यासारखा टोकदार उंचवटा दिसतो. धुळीचा लोट, पहिला गार झोत आणि हा उंचवटा एकाच क्षणाचे असतात. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवा आली की सगळी लाट जशीच्या तशी वर उचलली जाते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात अरबी समुद्रात वादळ उठले तर नंदुरबारच्या मिरची पथाऱ्यांना धास्ती असते, कारण लाल मिरची उघड्यावर वाळत पडलेली असते. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याजवळ येऊन विरले. पावसाळ्याच्या तोंडावरही अशी वादळे येतात. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले आणि ईशान्येकडे वळत उत्तर महाराष्ट्रापर्यंत पोचता पोचता दुबळे झाले.

जिल्ह्यातील उंचीचा फरक बॅरोग्राफला फार जाणवतो. नंदुरबार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटरवर, तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर. नंदुरबारला दाब समुद्रसपाटीपेक्षा २४ हेक्टापास्कलांच्या आसपास कमी भरतो, तोरणमाळला १२० हून अधिक. जुन्या इंग्रजी कागदांवरची पट्टी साधारण २८ ते ३१ इंच पाऱ्याची असते. नंदुरबारचा दाब तिच्यात मावतो. तोच बॅरोग्राफ शहाद्याहून घाट चढून तोरणमाळला नेला तर टाक कागदाच्या खालच्या कडेबाहेर जाईल आणि उपकरणाच्या समायोजन-स्क्रूने त्याला पुन्हा वर आणावे लागेल. पेरिए यांचा १६४८ चा प्रयोग या जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेला एका दिवसाच्या सहलीत करता येतो. त्यासाठी जुने मौल्यवान उपकरण हलवू नये. आज पुष्कळ मोबाइल फोनमध्ये दाबमापक असतो, तेवढा पुरे.

या उपकरणाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. एका ठिकाणची रेघ वादळ जवळ आल्याचे सांगते, कोणत्या दिशेला आहे ते सांगत नाही. समुद्रावर वाऱ्याची मदत घेता येते. बाइस बॅलट यांच्या १८५७ च्या नियमाप्रमाणे उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ केली की कमी दाब डाव्या हाताला असतो. सातपुड्याच्या दऱ्यांत वारा डोंगर वळवेल तसा वळतो, तिथे हा नियम फसतो. म्हणून एका बॅरोग्राफवर गावाने आपला अंदाज बांधू नये. अंदाजासाठी अनेक केंद्रांच्या नोंदींचा नकाशाच लागतो. हवामान विभागाचे पुणे कार्यालय १९२८ पासून हे काम करत आले आहे, आणि तिथल्या कार्यशाळेत पुढे भारतीय बनावटीची वेधसाधनेही तयार होऊ लागली.

आज टाकाची जागा सिलिकॉनच्या संवेदकांनी घेतली आहे. पाऱ्याच्या वापरावरील मिनामाता करारामुळे पाऱ्याचे बॅरोमीटरही मागे पडले. स्वयंचलित केंद्रे दिवसरात्र आकडे पाठवतात. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याची दाबलहर भारतातील केंद्रांवरही नोंदली गेली, क्राकाटोआच्या वेळी घडले तसेच. नवी साधने अधिक अचूक आहेत यात वाद नाही. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एखाद्या रात्री दाब कसा घसरला हे त्यांना सांगता येत नाही. ते फक्त त्या वेळच्या कागदावर आहे.

जुना बॅरोग्राफ हाती आला तर काही पथ्ये पाळावीत. लॅकरवर पितळेची पॉलिश घासू नये. लॅकर निघाले की त्याची मूळ शान जाते आणि बाजारातली किंमतही. डब्यांच्या चळतीला हात लावू नये, तिच्यात हवा शिरली की दुरुस्ती अवघड. टाक वापरात नसेल तर धुऊन कोरडा ठेवावा, वाळलेली शाई पत्रा खाते. उपकरण उन्हात, पंख्याखाली किंवा दार आपटते त्या भिंतीला लावून ठेवू नये. घड्याळ अडकले तर तेलाचा थेंब सोडून पाहण्याचा मोह टाळावा आणि घड्याळजीकडे द्यावे.

आणि कागद जपावेत. खानदेशातील जुनी महाविद्यालये, शेतकी फार्म, कारखाने आणि खासगी संग्रह यांत बॅरोग्राफचे वापरलेले कागद गुंडाळून ठेवलेले असू शकतात. वापरलेला कागद निकामी वाटतो आणि कपाट आवरताना तोच पहिला बाहेर जातो. असे कागद कुणाकडे असतील तर ते रद्दीत देऊ नयेत. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने ठिकाण, अंदाजे उंची, तारीख आणि उपकरणाच्या कारखानदाराचे नाव लिहावे, दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र काढावे आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला किंवा पुण्यातील हवामान विभागाला कळवावे.